नेऱ्याचें आभाळ

बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं म्हणजे माणसें हवेविषयीं बोलूं लागतात, असें शहरांत थट्टेनें म्हटलें जातें. ज्या घरांत शेत आहे त्या घरांत ही थट्टा चालत नाहीं. तेथें हवेविषयींचें बोलणें म्हणजे घरच्या जमाखर्चाचें बोलणें. श्रोतेहो, आजची हकीकत अशाच एका घरांतील विद्यार्थ्याची आहे. ती कांहीं मोठ्या पराक्रमाची नव्हे. एका मुलानें आभाळाकडे पाहिलें, टीव्हीकडे पाहिलें, आणि दोहोंविषयीं वहींत कांहीं टिपून ठेविलें, एवढीच ती आहे.

पुणें जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यांत, हिंजवडीच्या पलीकडे, नेरे नांवाचें गांव आहे. रात्रीं गच्चीवर उभें राहिलें तर एका बाजूस संगणक-कंपन्यांच्या उंच इमारतींचे दिवे दिसतात आणि दुसऱ्या बाजूस खाचरांतील बेडकांचा आवाज ऐकूं येतो. या गांवचा हा मुलगा पुण्याच्या एका महाविद्यालयांत शास्त्रशाखेच्या दुसऱ्या वर्षाला होता. साल २०२०. कोरोनाच्या साथीमुळें मार्चपासून महाविद्यालयें बंद. व्याख्यानें मोबाईलवर यावयाचीं, तींहि आवाज तुटत तुटत. हातांत वेळ पुष्कळ. तेव्हां त्यानें एका जुन्या वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढली. डावीकडे लिहिलें ‘आभाळ’, उजवीकडे ‘टीव्ही’.

पहिली नोंद ३ जूनची आहे. त्या दिवशीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें आणि घांट चढून आंत आलें. डाव्या बाजूस लिहिलें आहे : ‘शेजारच्या गोठ्याचे पत्रे उडाले. वीज गेली.’ उजव्या बाजूस अर्थातच कांहीं नाहीं; वीज नसतां टीव्ही काय दाखविणार? त्यानंतर मात्र दोन्ही रकाने भरूं लागले. ‘सकाळीं धुकें, दुपारीं उकाडा, चार वाजतां ढग, पाऊस नाहीं.’ ‘आज हिंजवडीस मुसळधार, आपल्याकडे थेंब नाहीं.’ उजवीकडे : ‘आठ चौकटी, आठ माणसें, सर्व एकदम बोलतात. हवामान : एक मिनिट.’ दुसऱ्या दिवशीं पुन्हां : ‘तीच आठ माणसें.’

मुळशीच्या पावसाला लहरी म्हणण्याची चाल आहे, परंतु त्या लहरीपणालाहि कारण आहे. अरबी समुद्रावरून येणारा ओलसर वारा सह्याद्रीला अडतो, वर चढतो, थंड होतो, आणि आपलें बहुतेक ओझें घाटमाथ्यावरच टाकून देतो. म्हणून ताम्हिणीस वर्षाकांठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आणि तेथून सुमारें पन्नास-साठ किलोमीटरांवर असलेल्या पुणें शहराला सातशेच्या आसपास मिळतो. एवढ्याशा अंतरांत सातपट फरक! या उतरत्या जिन्याच्या कोणत्या पायरीवर आज पाऊस थांबेल, यावर मधल्या गांवांचें नशीब ठरतें, आणि नेरे हें मधल्या गांवांपैकींच एक आहे.

या मुलाची टीव्हीवर पहिली तक्रार अशी कीं, त्याच्या नकाशांत नेरे कधींच नसतें. ‘मध्य महाराष्ट्रांत तुरळक ठिकाणीं पाऊस’ असें निवेदिका हंसून सांगे. मध्य महाराष्ट्र म्हणजे नंदुरबारापासून कोल्हापूर-सोलापुरापर्यंतचे दहा जिल्हे! आणि ‘तुरळक’ म्हणजे काय? आधीं त्याला ती पळवाट वाटली. मग त्यानें हवामानखात्याचें परिभाषापत्रक मोबाईलवर शोधून काढलें, तेव्हां कळलें कीं हे शब्द तोलून वापरलेले आहेत. विभागांतील जितकीं पर्जन्यमापक केंद्रें असतील, त्यांपैकीं शेंकडा पंचवीसपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणीं’. सव्वीस ते पन्नास असेल तर ‘कांहीं ठिकाणीं’. एकावन्न ते पंचाहत्तर असेल तर ‘बऱ्याच ठिकाणीं’. त्याहून अधिक असेल तर ‘बहुतेक ठिकाणीं’. म्हणजे खातें मोजून बोलत होतें. त्या मोजमापाचा अर्थ सांगण्याचे श्रम मात्र पडद्यावर कोणी घेत नव्हतें. आठ जणांच्या भांडणाला तास मिळतो, आणि चार शब्दांच्या अर्थाला चार मिनिटें मिळत नाहींत.

वास्तविक हवामानशास्त्राचें आणि पुण्याचें नातें जुनें आहे. हें खातें स्थापन झालें १८७५ सालीं. १९२८ सालीं त्याची मुख्य कचेरी शिमल्याहून पुण्यास आली. पुढें मुख्य कचेरी दिल्लीस गेली, तरी शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला आणि तिच्यासमोरच्या चौकाला पुणेंकर ‘शिमला ऑफिस’च म्हणत राहिले. नेऱ्याचा हा मुलगा त्या चौकांतून रोज बसनें जात असे, आणि शिमला ऑफिस म्हणजे थंड हवेच्या प्रवासाचीं तिकिटें मिळण्याचें ठिकाण असावें, अशी त्याची दोन वर्षें समजूत होती! अशी समजूत असलेला तो एकटाच नसावा.

दुसरी गंमत त्याहून मोठी. टीव्ही आणि आभाळ हे दोन रकाने त्यानें वेगळे आंखले खरे, पण त्यांचा जन्मापासून संबंध आहे. १ एप्रिल १९६० रोजीं अमेरिकेनें टायरॉस-१ हा हवामानाचा उपग्रह सोडला. त्याच्या नांवांतच टेलिव्हिजन हा शब्द दडलेला आहे, कारण त्यावर दोन टीव्ही-कॅमेरेच बसविलेले होते. अठ्ठ्याहत्तर दिवस त्यानें ढगांचीं चित्रें खालीं धाडलीं. चक्रीवादळ वरून कसें दिसतें, हें माणसाला टीव्हीनें दाखविलें. आपल्याकडील गोष्टहि तशीच. ऑगस्ट १९८३ मध्यें सोडलेल्या इन्सॅट-१बी या उपग्रहाच्या साहाय्यानें दूरदर्शन देशभर पसरलें; आणि त्याच उपग्रहावर मेघांचीं छायाचित्रें घेणारें यंत्रहि होतें. एकाच उपग्रहानें एका हातानें मालिका वांटल्या आणि दुसऱ्या हातानें ढग मोजले. घरोघरीं मालिका पोंचल्या. ढग बहुतांशीं कचेरींत राहिले.

घरांतील आबांना, म्हणजे मुलाच्या आजोबांना, जुना टीव्ही आठवे. सिंहगडावरील मनोऱ्याकडे अँटेना वळवून चित्र मिळवावें लागे. वारा सुटला कीं एकानें छपरावर चढावें आणि दुसऱ्यानें खालून ‘आलं, आलं, गेलं!’ असें ओरडावें. परंतु ‘आमची माती आमची माणसं’ हा कार्यक्रम आबा चुकवीत नसत. रोग कोणता, औषध कोणतें, हें तेथें सावकाश सांगत. आतां शेंकडों वाहिन्या होत्या. शेतकऱ्यांकरितां २०१५ पासून दूरदर्शनची किसान वाहिनीहि होती. पण संध्याकाळीं घरांतला टीव्ही कोठें लावावयाचा, हें शेतकरी ठरवीत नसून घरांतील बहुमत ठरवितें.

असो. आतां ऑक्टोबरकडे वळूं. चित्रा नक्षत्र लागलें होतें. रस्त्याकडेच्या दोन खाचरांतलें हळवें भात पिकून पिंवळें झालें होतें. कापलेलें भात दोनतीन दिवस खाचरांतच पसरून वाळवितात, मग भारे बांधून झोडतात. त्या दोनतीन दिवसांत पाऊस आला तर दाणा काळा पडतो, लोंबीला मोड येतात, आणि पेंढा जनावरहि तोंडांत धरीत नाहीं. बरें, न कापावें तर पिकलेलें भात पावसावाऱ्यानें आडवें पडतें. आबांनीं सोमवार, १२ तारखेला कापणी ठरविली होती. सावडीचीं माणसें त्या दिवशीं यावयाचीं होतीं, आणि एकदां वेळ टळली कीं तीं दुसऱ्याच्या बांधावर जाणार होतीं.

रविवारीं रात्रीं मुलानें टीव्ही लावला. भांडण चालूं होतें. त्यानें टीव्ही तसाच ठेवून मोबाईलवर हवामानखात्याचें पत्रक उघडलें. बंगालच्या उपसागरांत कमी दाबाचा पट्टा तयार होऊन तो आंध्राच्या किनाऱ्याकडे सरकत होता. पुढें जमिनीवरून पश्चिमेकडे येऊन त्यानें मध्य महाराष्ट्रांत जोराचा पाऊस पाडावा, असा अंदाज होता. दिवस बुधवारचा, १४ तारखेचा.

“आबा, उद्यां कापूं नका. बुधवारीं मोठा पाऊस सांगितलाय.”

“कुणी सांगितलं? त्या टीव्हीनं?”

“टीव्हीनं नाहीं, खात्यानं.”

“पूर्वेचा पाऊस आपल्याकडे येतो होय रे? आणि तुझ्या मध्य महाराष्ट्रांत आपलं खाचर कुठं बसतं, तेवढं दाखव.”

मुलाला तें दाखवितां येईना. जिल्हा दिसत होता, तालुका दिसत नव्हता. येथें तो गडबडला, आणि प्रामाणिक असल्यामुळें त्यानें तसें कबूलहि केलें : पाऊस जिल्ह्यांत येईल असें शास्त्र म्हणतें, आपल्या बांधावर किती पडेल हें तें सांगत नाहीं. आबा थोडा वेळ गप्प बसले. मुलाची आई आंतून म्हणाली, “मग थोडं कापा, पण खाचरांत ठेवूं नका. पडवी मोकळी आहे.” घरांतील सर्वांत शहाणपणाचें वाक्य त्या रात्रीं तिचें होतें.

सोमवारीं एकच खाचर कापलें. ओलेंच भात उचलून पडवींत, ओट्यावर, शेवटीं बैठकीच्या खोलींत टीव्हीच्या टेबलापर्यंत पसरलें. सावडीचीं माणसें हंसलीं. मंगळवारीं ऊन असें कडक पडलें कीं आबा दर तासाला अंगणांत येऊन आभाळाकडे पाहत आणि नातवाकडे पाहून आंत जात. त्याच सकाळीं तो पट्टा काकिनाड्याजवळ जमिनीवर चढला होता आणि त्या दिवशीं हैदराबाद पाण्यांत बुडत होतें. वहींत मंगळवारच्या डाव्या रकान्यांत फक्त एक शब्द आहे : ‘ऊन’.

बुधवारीं दुपारनंतर पूर्वेकडून आभाळ काळवंडलें. संध्याकाळीं पाऊस सुरू झाला तो रात्रीं उशिरापर्यंत. आणि नेमका तेव्हां टीव्ही थांबला. पडद्यावर ‘सिग्नल उपलब्ध नाहीं’ अशी अक्षरें. याचेंहि कारण मुलाच्या शास्त्रांत आहे. छपरावरील डिश ज्या लहरी घेते त्यांची लांबी सुमारें अडीच सेंटिमीटर. पावसाचे मोठे, दाट थेंब अशा आंखुड लहरी शोषून घेतात व विखरून टाकतात. सिंहगडावरून येणाऱ्या जुन्या लहरी मीटरांत मोजण्याएवढ्या लांब असत; पावसाचें त्यांना फारसें वाटत नसे. म्हणजे ज्या घटकेला पावसाची बातमी सर्वांत अधिक हवी, त्याच घटकेला पाऊस ती बंद करतो. आबांना हें समजावून सांगितलें तेव्हां त्यांनीं विचारलें, “मग एवढे पैसे भरून पुढं आलों का मागं?”

गुरुवारीं सकाळीं न कापलेलें खाचर आडवें पडलेलें आढळलें. निम्मी पात पाण्यांत. कापून तेथेंच पसरून ठेवणाऱ्या शेजाऱ्याचें त्याहून वाईट. त्याचें भात पाण्यावर तरंगत बांधाला लागलें होतें. त्या घरासमोरून जातांना मुलानें मान वर केली नाहीं. आपल्याला रविवारीं रात्रीं जें दिसलें होतें तें आपण त्यांच्या ओट्यावर जाऊन कां सांगितलें नाहीं, असें त्यानें डाव्या रकान्यांत लिहिलें आहे. टीव्हीविषयींच्या कोणत्याहि तक्रारीपेक्षां तें अक्षर अधिक दाबून उमटलें आहे.

नऊच्या सुमारास डिश सुरू झाली. पुण्याच्या रस्त्यांवरून वाहणारें पाणी, बुडालेल्या मोटारी, आणि कोपऱ्यांतल्या चौकटींत कालचीच माणसें. नेऱ्याचें नांव नव्हतें. टेबलाखालच्या भाताचा ओलसर वास खोलीभर पसरला होता. आबा दारांत कुदळ घेऊन उभे होते. बांध फोडून पाणी काढावयाचें होतें आणि उरलेलें वांकून वांकून कापावयाचें होतें.

“तें बंद कर,” ते म्हणाले, “आणि तुझा मोबाईल घे बरोबर. आजचं काय म्हणतो तुझा खातेवाला, तें शेजाऱ्याकडं आधीं सांगूं, मग खाचरांत जाऊं.”