पहिलटकरणीचा नववा महिना
(भगिनींसमोरील व्याख्यान)



पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली प्रथा. सासर बोईसरला आणि माहेर जव्हारच्या डोंगरात असेल, तर मुलीसोबत तिच्या तपासणीची फाईलही गेली पाहिजे. डिंकाचे लाडू मागाहून पोचले तरी चालतील!

पहिलटकरणीला कळांचे भय वाटणे स्वाभाविक आहे. खोट्या कळा विश्रांतीने ओसरतात. खऱ्या नियमित येतात व वाढत जातात. पहिल्या खेपेस १२ ते १८ तासही लागतात, म्हणून धीर सोडू नये. कळा पाच-पाच मिनिटांनी येऊ लागल्या की निघावे. रुग्णालय लांब असेल तर त्याआधीच.

परंतु पाणमोट फुटली, रक्तस्राव झाला, असह्य डोकेदुखीसह डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळांची वाट पाहू नये. उजाडण्याची तर मुळीच नाही. ‘उगाच धावत आली’ असे कोणी म्हणेल, म्हणू द्यावे. जावई तारापूरला रात्रपाळीवर असतील, तर कोणाची गाडी काढायची हे आठव्या महिन्यातच ठरवावे. गाडी नसेल तर १०८ किंवा १०२ क्रमांक फिरवावा. शासकीय रुग्णालयात २०११ पासून प्रसूती, शस्त्रक्रिया करावी लागली तरीही, विनामूल्य होते.