रस्ता येणारच, हिशेब कोणाचा?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कृषी पदवी घेऊन बाहेर पडलो तेव्हा पुणे-सोलापूर रस्त्याच्या याच पट्ट्यात आम्ही छाटणीचे आणि लागणीचे सांगायला येत असू. हडपसर, मांजरी, लोणी काळभोर, उरुळी कांचन. मुठा उजव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेली ही काळी जमीन. आज बांधावर गेलो की फवारणीचे कोणी विचारत नाही. विचारतात, "साहेब, आमच्या गटावर काय पडलंय? रस्ता, का आरक्षण, का हिरवा पट्टा?"

या प्रश्नाला घाबरून चालणार नाही. शहराच्या वेशीवर रस्ता येणार, तो रुंद होणार, त्याच्या कडेने बांधकाम होणार. प्रश्न एवढाच की त्याचा नफा कोणाच्या पदरी आणि तोटा कोणाच्या.

आधी साधा हिशेब करू. रस्ता ११० मीटर रुंद धरा. एक किलोमीटर लांबीला ११ हेक्टर, म्हणजे सुमारे २७ एकर जमीन लागते. दोन-दोन एकरांचे खातेदार धरले तर किलोमीटरला तेरा-चौदा घरे उठतात. आणि कडेच्या ज्या जमिनीला रस्त्यामुळे भाव येतो ती या घरांची नसते. ज्याची जमीन गेली त्याला कालचा भाव, ज्याची शेजारी राहिली त्याला उद्याचा. एकाच बांधावरचे दोन भाऊ, आणि मधली रेघ नगररचनाकाराच्या पेन्सिलीची!

आता आमची एक चूक सांगतो. पट्ट्यातल्या एका गावात आम्ही सल्ला दिला होता की मोजणीच होऊ देऊ नका. गावाने ऐकले, मोजणी अडली, घोषणा झाल्या, आम्ही खूष झालो. त्या दोन वर्षांत रस्त्याला लागून असलेल्या खातेदारांनी गुपचूप विकून टाकले. घेणाऱ्यांनी कुंपणे घातली. मागच्या शेतांना वहिवाटीची वाट उरली नाही, उसाची ट्रॉली निघेना. शेवटी मागच्यांनी मिळेल त्या भावात दिले. सरकारला आम्ही अडवले. दलालाला अडवायचे राहून गेले. नुसता विरोध म्हणजे नियोजन नव्हे, हे त्या गावाने आम्हाला शिकवले, आणि त्याची किंमत आम्ही नाही, त्या गावाने मोजली.

दुसरी गोष्ट पाण्याची. रस्त्याचा भराव म्हणजे शिवारात घातलेला बांधच. ओढ्यावर मोरी लहान ठेवली किंवा ठेवलीच नाही, की वरच्या अंगाला पाणी तुंबते. काळ्या जमिनीत ते महिनोन्महिने हटत नाही. मुळ्या कुजतात, पुढे जमीन चोपण होते. खालच्या अंगाच्या विहिरींना पाझर कमी पडतो. पाइपलाइन तुटते ती वेगळीच. हे नुकसान भूसंपादनाच्या यादीत सहसा दिसत नाही, कारण त्या गटातली जमीन रस्त्यात गेलेलीच नसते. म्हणून नकाशा आला की रस्ता पाहायच्या आधी ओढे पाहा.

तिसरी गोष्ट भरपाईची. १८९४ चा कायदा जाऊन २०१३ चा आला, १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात बाजारभावाला गुणांक लावतात आणि येणाऱ्या रकमेवर तेवढेच दिलासा मूल्य देतात. ग्रामीण भागात गुणांक एक ते दोनच्या दरम्यान, शहरी भागात एक. बाजारभाव १०० रुपये आणि गुणांक दोन असेल तर हातात ४००. गुणांक एक असेल तर २००. मांजरी बुद्रुकसह २३ गावे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. नळ कधी येतो ते पाहू, पण हद्द आली की गुणांक मात्र शहरी होतो.

आणि बाजारभाव ठरतो कसा? शासनाचे दर पाहतात, आणि मागच्या तीन वर्षांतल्या आसपासच्या खरेदीखतांपैकी चढ्या भावाच्या निम्म्या खतांची सरासरी काढतात. जी जास्त ती धरतात. म्हणजे मुद्रांक वाचवायला ज्याने खतात निम्मी रक्कम लिहिली, त्याने साऱ्या गावाची भरपाई कापली. याला जबाबदार सरकार नाही, आपण आहोत.

मग करायचे काय? हडपसरलाच उदाहरण आहे. मगर मंडळींनी आणि शेजारच्या शेतकऱ्यांनी, सुमारे १२० कुटुंबांनी, ४०० एकरांच्या आसपास जमीन एकत्र केली, कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात हिस्से घेतले आणि मगरपट्टा उभा केला. जमीन विकून पैसा फुंकण्याऐवजी मालक मालकच राहिले. पण भुलू नका. तिथे जमीन सलग होती आणि बरेचसे खातेदार एकाच भावकीतले होते. आपल्याकडे वीस गुंठ्यांत पाच वारस आणि तीन दावे.

दुसरी वाट नगररचना योजनेची. तिचे मूळ १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात आहे. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते, शाळा, बागा यांची जागा काढायची आणि उरलेली जमीन आखीव भूखंड करून मूळ मालकांना परत द्यायची. अहमदाबादभोवतीच्या ७६ किलोमीटरच्या सरदार पटेल वर्तुळाकार रस्त्याची बरीच जमीन अशा योजनांतून आली. इथे रस्त्याचा भार सगळ्यांवर पडतो आणि वाढीव भावही सगळ्यांना मिळतो. पुढचा-मागचा भेद मिटतो. पण खाचा आहेत. जमीन किती टक्के परत, ते आधी लेखी घ्या. भूखंड कुठे मिळणार ते पाहा. महाराष्ट्राच्या १९६६ च्या कायद्याप्रमाणे वाढीव किमतीच्या निम्म्यापर्यंत अंशदान तुमच्याकडून वसूल होऊ शकते. आणि योजना दहा वर्षे रखडली तर ना शेती, ना भूखंड.

रखडणे म्हणजे काय, हे या जिल्ह्याला सांगायला नको. महानगर प्रदेशाचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये हरकतींसाठी आला. लोकांनी रांगा लावून हरकती दिल्या, सुनावण्यांना भाडे खर्चून गेले. २०२५ मध्ये शासनाने तो आराखडाच रद्द केला. आराखडा गेला म्हणून पेढे वाटू नका. नवा येणार. तो येईल तेव्हा हरकतीला पुन्हा तीसच दिवस मिळतील, आणि तीस दिवसांत गाव जागे होत नाही.

म्हणून तयारी आजपासून. पहिले, सातबारावरचे वारस लावून घ्या. २००५ पासून मुलीलाही मुलाइतकाच हक्क आहे. भरपाईच्या आदल्या दिवशी बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावणारा भाऊ उद्या सरकारला न्याय कोणत्या तोंडाने मागणार? दुसरे, गावाचा स्वतःचा नकाशा करा: ओढे, विहिरी, पाइपलाइनी, वहिवाटीच्या वाटा. कृषी पदवीधर पोरे गावोगाव आहेत, त्यांना कामाला लावा. तिसरे, रस्त्याकडेच्या आणि मागच्या खातेदारांनी एकत्र बसून ठरवा की वाट ठेवल्याशिवाय कोणी विकणार नाही. चौथे, खतात खरा भाव लिहा.

मायबापहो, विकू नका असे आम्ही म्हणत नाही. शेती परवडत नसताना विकणाऱ्याला दोष देणारे आम्ही कोण? विकायचे तर मालकासारखे विका, ठेवायची तर मालकासारखी ठेवा. घाबरून, एकेकट्याने, अंधारात सही करू नका.

पुढच्या बैठकीला येताना भाषण ऐकायला येऊ नका. गावाचा नकाशा घेऊन या. तो अंथरूनच बैठक सुरू करू.