आरंभ मुलापासून व्हावा



शाळा सुधारायची म्हटले की चर्चा इमारत, संगणक आणि निकाल यांभोवती फिरू लागते. त्यांचे महत्त्व आहेच. परंतु वर्गात बसलेल्या मुलाला आज नेमके काय येते, हा प्रश्न त्याआधीचा आहे. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील सरकारी शाळांमधील पाचवीच्या सुमारे ४५ टक्के विद्यार्थ्यांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. उरलेल्यांच्या हाती पुस्तक पाचवीचे असते, पण ते त्यांच्याशी बोलत नाही.

याचा सारा दोष शिक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. त्याला ठरल्या मुदतीत अभ्यासक्रम संपवायचा असतो. पाठ पूर्ण होतो, मूल मात्र मागेच राहते; आणि पुढचा प्रत्येक विषय वाचूनच शिकायचा असल्याने ते दरवर्षी अधिक मागे पडते.

या दुखण्यावरचा उपाय महाराष्ट्राला अपरिचित नाही. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या. अनुताई वाघांच्या साथीने सुरू झालेले त्यांचे कार्य १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर बहरले. गुरे राखणारी आणि धाकटी भावंडे सांभाळणारी वारली मुले शाळेत येईनात. ताराबाईंनी त्यांना बोल लावला नाही. शाळाच अंगणात आणि कुरणात नेली. महागड्या साधनांची जागा शिंपले, खडे, बिया आणि पानांनी घेतली. मूल जेथे होते, तेथून शिक्षणाचा आरंभ झाला.

हेच सूत्र अभ्यासाला लावता येते. १९९५ मध्ये मुंबईत कार्य सुरू केलेल्या ‘प्रथम’ संस्थेने मुलांचे गट इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार करण्याची पद्धत रुजवली. अक्षरे ओळखणारी मुले एकत्र, शब्द वाचणारी एकत्र, परिच्छेद वाचणारी एकत्र. कोणत्याही शाळेला हे शक्य आहे. वर्षारंभी प्रत्येक मुलाकडून एकेक उतारा वाचून घ्यावा, रोज एक तास या गटांना द्यावा, महिन्याने पुन्हा पारख करावी आणि पुढे गेलेल्या मुलाचा गट लगेच बदलावा. गट हा कपाळावरचा शिक्का होता कामा नये.

त्या तासाने अभ्यासक्रम मागे पडेल, अशी शंका घेतली जाते. पण ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी तो अभ्यासक्रम पुढे कधी गेलाच नव्हता!

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत वाचन व अंकज्ञानाला अग्रक्रम दिला; २०२१ मध्ये त्यासाठी ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले. परंतु धोरण वर्गात उतरवतो तो शिक्षकच, आणि त्याला बळ मिळते ते घरातून. पालकांनी गुणपत्रिका जरूर पाहावी. त्यासोबत मुलाला एक पान मोठ्याने वाचायला सांगावे आणि त्याचा अर्थ त्याच्याच शब्दांत ऐकावा. त्या दहा मिनिटांत मुलाची खरी इयत्ता कळते. शाळेच्या सुधारणेला तेथूनच प्रारंभ करावा लागेल.