दोरीवरचं विमान

मी देवळाली प्रवराहून बोलतेय. बचत गटांचं काम करते, त्यामुळे माझं बोलणं नेहमी हप्ते, व्याज आणि पासबुकांचं. आज मात्र विमानाबद्दल बोलणार आहे. हसू नका बरं!

केंद्र सरकारनं २०२३ साली ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. देशातल्या १५,००० महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचे, असं त्यात ठरलं. आमच्या बैठकीत मी ती वाचून दाखवली. सगळ्या गप्प. मग एक काकू म्हणाल्या, “ताई, उडतं मशीन आपल्या हातून पडलं म्हंजे? ते गड्यांचं काम.” खरं सांगू? भीती मलाही वाटत होती.

तेव्हा माझी आठवीतली मुलगी दोरीवरचं विमान करत बसली होती. याला कंट्रोल लाइन म्हणतात. एनसीसीच्या हवाई विभागातही मुलामुलींना हे शिकवतात. आपण मध्ये उभं राहायचं, हातात मूठ धरायची. मुठीपासून दोन दोऱ्या विमानाच्या डाव्या पंखातून आत जातात. विमान आपल्याभोवती गोल फिरतं. मूठ वर कलवली की नाक वर, खाली कलवली की खाली. बैलाचा कासरा धरावा, तसंच.

पंख पातळ थर्माकोलचा, हातभर लांब. अंगाला बांबूची कामटी. डब्याच्या झाकणाचा त्रिकोणी तुकडा मधोमध खिळ्यावर फिरता बसवला, त्याला बेलक्रँक म्हणतात. दोऱ्या त्याच्या दोन टोकांना. तिसऱ्या टोकापासून तार शेपटीच्या हलत्या पट्टीला. दोरी ओढली की पट्टी हलते. चिकटवायला फेविकॉल, काही झटपट गोंदांनी थर्माकोल विरघळतो. छोटी मोटार, पंखा आणि बॅटरी तेवढी विकत आणली.

पहिल्यांदा सोडलं, तर नाक वर करून धपकन पडलं. पोरगी रडायला लागली. सासूबाई म्हणाल्या, “शेपूट जड झालंय गं. कावडीसारखा तोल बघ.” पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीवर दोन्हीकडून बोट लावून उचललं, तर शेपूट खाली. बॅटरी पुढे सरकवली, नाकाला थोडी माती लावली. बाहेरच्या पंखाच्या टोकाला एक नाणं चिकटवलं, म्हणजे दोऱ्या ताणलेल्या राहतात. दोरी ढिली पडली की ताबा गेला.

पुढच्या बैठकीनंतर ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात आम्ही सगळ्या जमलो. मूठ त्याच काकूंच्या हातात दिली. तीन फेऱ्यांत चक्कर आली, विमान ढेकळात गेलं, पंख मोडला. काकू म्हणाल्या, “मोडलं तर मोडलं, चिकटवू.” ते ऐकलं आणि माझीच भीती निम्मी झाली. मशीन का पडतं हे एकदा कळलं, की त्याची धास्ती राहत नाही.

हे उडवलं म्हणजे ड्रोन चालवता येतो, असं नाही हं. योजनेत त्याचं १५ दिवसांचं प्रशिक्षण आहे, ते घ्यावंच लागतं. पण त्या दिवशी नाव कोण देणार विचारल्यावर तीन हात वर झाले.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. आपल्या रानात मोटारींच्या विजेच्या तारा सगळीकडे. तारांच्या आसपास हे विमान मुळीच उडवू नका. दोरी तारेला लागली तर जीव जातो. ढग गडगडत असतील तेव्हाही नको. बघणाऱ्यांनी गोलाच्या बाहेर, लांब उभं राहायचं. पंखा फिरत असताना जवळ बोट न्यायचं नाही.

तर मैत्रिणींनो, पोरगी थर्माकोल कापताना दिसली, तर “पसारा आवर” म्हणायच्या आधी तिच्याजवळ बसा. काय करतेस ते विचारा. आणि जमलं, तर मूठ एकदा तुमच्या हातात घ्या.