‘जातो’ नव्हे, ‘येतो’



ज्यांच्या स्मरणार्थ आज आपण जमलो आहोत, त्या सरांनी आम्हांला मराठी शिकविली. म्हणून विषय आपल्या नित्याच्या बोलण्यातलाच घेतला आहे. आरंभ मात्र जपानी भाषेपासून करतो. माझी नात पुण्यात जपानी शिकते. गेल्या सुटीत ती इंदूरला आली असता तिच्याकडून त्या भाषेतील काही शिष्टवचने ऐकली आणि ती मुळीच परकी वाटली नाहीत.

जपानी माणूस घराबाहेर पडताना ‘इत्तेकिमासु’ म्हणतो. अर्थ, ‘जाऊन येतो’. घरातली माणसे ‘इत्तेराश्शाइ’ म्हणतात. म्हणजे ‘जाऊन या’. परतल्यावर तो म्हणतो ‘तादाइमा’. मूळ अर्थ ‘आत्ताच’, भाव ‘आलो’. जेवणापूर्वीचे ‘इतादाकिमासु’ म्हणजे ‘नम्रपणे स्वीकारतो’. कुशल विचारले, तर ‘ओकागेसामा दे’. त्यातील ‘कागे’ म्हणजे सावली. आपल्या छायेमुळे बरे आहे, असा त्याचा मूळ भाव. आपले वाडवडीलही पत्रात ‘आपल्या आशीर्वादाने सर्व क्षेम’ असेच लिहीत. दोन्ही भाषांचे कूळ वेगळे. तरी उंबरठ्यावरचे शब्द जुळतात.

१८१८ नंतर होळकरांची राजधानी झालेल्या या नगरीत आपली मराठी हिंदी-माळवीच्या शेजारी नांदली. माळवीच्या ‘पधारो’तील अगत्य आपण आनंदाने घेतले. हिंदीच्या संगतीने ‘येतो’चे कोठे ‘चलतो’ झाले, त्याचीही माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती काहीच न बोलता निघून जाण्याची. ‘येतो’ हा शब्द केवळ अशुभ टाळण्यासाठी नाही. मागे राहणाऱ्याला दिलेले ते वचन आहे.

हे सांगण्याचा मला तरी काय अधिकार? उच्च शिक्षणासाठी इंदूर सोडताना सरांच्या पाया पडून मी ‘येतो’ म्हणालो होतो. ‘ये, सावकाश ये,’ असे ते म्हणाले. पुढे नोकरी, संसार, परीक्षांचे पेपर. सबबींना तोटा नव्हता. निवृत्त होऊन परतलो, तेव्हा सर नव्हते. मी फारच सावकाश आलो.

आज शाळेच्या दारातून आत येताना मनातल्या मनात ‘आलो’ म्हटले. ‘ये’ म्हणणारे कोणी नव्हते. मित्रहो, आपणही कोणाला तरी ‘येतो’ म्हणून निघालेले असाल. ती माणसे आहेत तोवर एकदा जाऊन या.