प्रवासांतला लॅपटॉप आणि त्याची बॅटरी

लॅपटॉपच्या खोक्यावर “बॅटरी १८ तास” असें ठळक छापलेलें असतें. हे १८ तास कोणाचे, हा प्रश्न मात्र दुकानांत फारसें कोणी विचारीत नाहीं. बहुधा ते एका शांत खोलींतले तास असतात. तेथें पडद्याचें तेज मंद ठेवलेलें असतें, एकच चित्रपट चालू असतो आणि यंत्राला दुसरें कांहींच काम नसतें. रोज आगगाडींत बसून हिशेबाचे तक्ते जुळविणाऱ्या नोकरदाराचे तास निराळे, आणि पैसे तर त्यालाच मोजावयाचे असतात.

म्हणून त्यानें तासांचा आंकडा बाजूस ठेवून वॅट-तासांचा आंकडा पाहावा. बॅटरींत वीज किती मावते याचें हें माप. यंत्र सरासरी १० वॅट वीज घेत असेल, तर ५० वॅट-तासांची बॅटरी ५ तास पुरेल. हंडा केवढा आहे एवढें कळून भागत नाहीं; तोटी किती सोडली आहे तेंही पाहावें लागतें. अ‍ॅपल कंपनीनें १९२० नव्हे, अगदीं अलीकडे, २०२० सालीं एम-१ प्रोसेसरचा मॅकबुक एअर काढला. त्याची बॅटरी ४९.९ वॅट-तासांची, आणि कंपनीचा दावा १८ तास चित्रपट चालण्याचा. भागाकार केला तर सरासरी खर्च पावणेतीन वॅटांच्या आसपास येतो. एवढ्या विजेवर देवघरांतला एखादा छोटा दिवाच जळावयाचा! तेव्हां दाव्याचें खरें रहस्य बॅटरीच्या आकारांत नसून प्रोसेसरच्या काटकसरींत होतें. पुढें २०२४ सालीं क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स आणि इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० व्ही या मालिकांमुळें विंडोजच्या यंत्रांतही अशी काटकसर आली. याच्या उलट, खेळांसाठीं वेगळी ग्राफिक्स चिप बसविलेलें जाडजूड यंत्र ९० वॅट-तासांची बॅटरी बाळगूनही कित्येकदां ५० वॅट-तासांच्या हलक्या यंत्राआधींच मान टाकतें.

आतां प्रत्यक्ष प्रवास घ्यावा. पुण्याहून मुंबईस जाणारी डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजीं सुरू झाली, आणि तिच्यांतून रोज ये-जा करणाऱ्या पासधारकांची परंपराही जुनीच. एका बाजूचा प्रवास तीन तासांहून थोडा अधिक. लिहिणें, तक्ते, पत्रव्यवहार एवढेंच काम असेल आणि खर्च १० वॅट धरला, तर एका फेरीस ३० वॅट-तासांहून थोडी अधिक वीज लागते. कचेरींत यंत्र पुन्हां चार्ज करतां येत असेल, तर ५० वॅट-तासांची बॅटरी अगदीं पुरेशी आहे. कचेरींतला दिवस बैठकांत जाऊन चार्जर लावावयास सवडच मिळत नसेल, तर दोन्ही फेऱ्यांचे मिळून ६५ तरी धरावे. पण बॅटरी कांहीं वर्षांत मूळच्या ८० टक्क्यांवर येईल हें गृहीत धरून खरेदी करावयाची, म्हणजे नवी असतांना ती ८० वॅट-तासांच्या घरांतली हवी. विकत घेतेवेळीं पुरणारी बॅटरी आणि तिसऱ्या वर्षीं पुरणारी बॅटरी यांत हाच फरक आहे, आणि विक्रेता तो आपण होऊन सांगत नाहीं.

कर्जतहून लोकलनें मुंबईस येणाराची गोष्ट वेगळी. शंभर किलोमीटरांचा आणि सुमारें दोन तासांचा प्रवास असला, तरी कल्याणच्या पुढें मांडीवर यंत्र उघडून बसणें शेजाऱ्याच्या सोशिकपणाची परीक्षा पाहण्यासारखेंच. त्याला तासभराचें काम, आणि उभें राहिल्यावर खांद्याला न जाणवणारें वजन हवें. अशानें सव्वा किलोचें यंत्र घ्यावें. मोठ्या बॅटरीचा लोभ धरूं नये.

खिडकींतून ऊन येऊं लागलें कीं पडद्याचें तेज वाढवावेंच लागतें, आणि हलक्या यंत्रांत सर्वांत मोठा खर्च पुष्कळदां पडद्याचाच असतो. म्हणून चकाकी नसलेला, बेताच्या रिझोल्यूशनचा पडदा प्रवाशास अधिक सोयीचा. दुकानांतल्या दिव्यांखालीं भुरळ घालणारा फोर-के पडदा गाडींत वीज मात्र अधिक खातो. बोरघाटांत बोगद्यांमागून बोगदे येतात. तेथें मोबाइलची रेंज तुटत राहते. तेवढा वेळ कागदपत्रें आधींच उतरवून ठेवून काम करावें, म्हणजे फोनही उगाच थकत नाहीं. चार्जर घ्यावयाचा तो यूएसबी-सी जातीचा, कारण त्याच एका चार्जरवर लॅपटॉप आणि फोन दोन्हींचें भागतें. विमानानें जाण्याचा प्रसंग असणारांना १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी वेगळ्या परवानगीवांचून नेतां येते. मोठ्यांत मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्याही त्या मर्यादेच्या आंत ठेवलेल्या दिसतात, त्याचें कारण हेंच.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ सालीं सोनी कंपनीनें प्रथम बाजारांत आणली. तिचे दोन शत्रू: उष्णता, आणि सदैव काठोकाठ भरलेलें असणें. मे महिन्यांत बंद मोटारींत लॅपटॉप ठेवून जाणें म्हणजे तिचें आयुष्य हातानें तोडणें होय. घरीं किंवा कचेरींत यंत्र दिवसभर चार्जरला जोडलेलें राहत असेल, तर ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय बहुतेक नव्या यंत्रांत असते. ती चालू करावी. जुनें यंत्र विकत घेणारानें विंडोजचा बॅटरी-अहवाल काढून दाखविण्यास सांगावें. मूळ क्षमता आणि आजची क्षमता त्यांत शेजारींशेजारीं दिसतात.

नवें घेतांनाही आणखी एक चौकशी करावी: बॅटरी बदलतां येते काय, आणि ती स्क्रूनें बसविली आहे कीं चिकटविलेली आहे? टचपॅड वर उचलल्यासारखा दिसूं लागला किंवा झांकण नीट बसेनासें झालें, तर बॅटरी फुगली असण्याचा संभव असतो. तें यंत्र तत्काळ बंद करावें, पुन्हां चार्जरला लावूं नये, आणि बॅटरीस टोंचून न पाहतां तें दुरुस्तीच्या जागीं न्यावें.