वर्गणीतून उभी राहिलेली शर्यतीची मोटार
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत झालेले भाषण)



धर्मादाय संस्थेच्या व्यासपीठावरून मोटारींच्या शर्यतीविषयी बोलावे, हे काही मंडळींस जरा विचित्र वाटेल. परंतु ज्या मोटारीची हकीकत आम्ही सांगणार आहोत, ती कोणा धनिकाची हौस नव्हती. ती वर्गणीतून उभी राहिली आणि तिच्यामागे आपल्यासारखाच एक ट्रस्ट होता. म्हणूनच हा विषय आम्हांस ह्या प्रसंगी योग्य वाटला.

महायुद्धापूर्वी मोठ्या शर्यतींचे मैदान जर्मन मोटारींनी गाजविले होते. ते शल्य इंग्लंडातील रेमंड मेज यांच्या मनात होते. देशातील सर्व उद्योगांनी मिळून एक मोटार बांधावी, असे आवाहन त्यांनी १९४५ साली कारखानदारांस केले. १९४७ साली ट्रस्ट स्थापन झाला. शंभराहून अधिक कंपन्यांनी हातभार लावला; कोणी रोख रक्कम दिली, कोणी ओतकाम करून दिले, कोणी सुटे भाग पुरविले. लिंकनशायरमधील बोर्न गावी काम सुरू झाले. संस्थेचे नाव ‘ब्रिटिश रेसिंग मोटर्स’, म्हणजेच बी. आर. एम.

हेतू थोर होता. मात्र यंत्राची कल्पना फार महत्त्वाकांक्षी निघाली. दीड लिटरच्या इंजिनात सोळा सिलिंडर बसविले. म्हणजे एकेकाची धारणा शंभर घनसेंटिमीटरहूनही कमी! इंजिनात हवा दाबून भरणारा सुपरचार्जर रोल्स-रॉईसचा, विमानांच्या इंजिनात वापरतात त्या जातीचा. त्याचा स्वभाव असा, की फिरण्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे हवेचा दाब सुमारे चौपट होतो. विमानाचे इंजिन बराच वेळ एका वेगाने चालते, तेथे हा गुण ठरतो. शर्यतीत मात्र दर वळणावर वेग कमी करावा लागतो. तेथे हे इंजिन मरगळून जाई आणि मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास पोहोचले, की एकदम एवढी शक्ती उसळे, की मागची चाके जागच्या जागी फिरू लागत. चालकाने गाडी सावरावी तरी कशी? दोष इंजिनाचा, पण तो दिसे गाडीच्या चालीत. शिवाय सिलिंडरमध्ये पाणी झिरपण्याचा विकार होता तो निराळाच.

सुट्या भागांचा प्रश्न त्याहून बिकट होता. देणगीदार कारखान्यांना आपापला धंदा सांभाळायचा होता. त्यातून सवड मिळेल तेव्हा ट्रस्टचे काम होई. फुकट मिळालेल्या वस्तूसाठी तगादा लावायला तोंड कोणाचे उघडणार? समित्या पुष्कळ, बैठका पुष्कळ. पण शेवटचा शब्द कोणाचा, हे ठरलेले नव्हते. बारभाईंचा कारभार म्हणतात तो हाच.

इकडे गाजावाजा तर झालाच होता. डिसेंबर १९४९ मध्ये मोटार जगाला दाखविण्यात आली. ऑगस्ट १९५० मध्ये सिल्व्हरस्टोनच्या मैदानावर ती प्रथम शर्यतीत उतरली. चालक होते फ्रान्सचे रेमंड सोमेर. निशाण पडले, इतर गाड्या निघून गेल्या आणि ही गाडी आरंभरेषेवरच थबकली! शक्ती चाकांपर्यंत नेणारा भागच मोडला होता. प्रेक्षकांनी थट्टेने तिच्यात पेनीची नाणी टाकली. वर्गणीच्या कामाची ह्याहून कठोर विटंबना ती कोणती?

पुढच्याच महिन्यात गुडवुडला, भर पावसात, रेग पार्नेल यांनी दोन छोट्या शर्यती जिंकल्या. १९५१ च्या ब्रिटिश ग्रां. प्री.मध्ये पार्नेल पाचवे व पीटर वॉकर सातवे आले. धूरनळ्यांच्या आचेने दोघांचीही अंगे भाजली होती, तरी त्यांनी शर्यत पुरी केली. पण १९५२ च्या एप्रिलमध्ये तुरीनच्या शर्यतीस ह्या गाड्या पोहोचल्याच नाहीत. संयोजकांचा विश्वास उडाला आणि जागतिक स्पर्धा त्या वर्षी निराळ्या नियमांच्या मोटारींसाठी घेण्यात आली. त्याच वर्षी ट्रस्टने सर्व काही विकले. विकत घेणारे अल्फ्रेड ओवेन हे आरंभापासूनचे एक साहाय्यक उद्योगपतीच होते.

हकीकत येथे संपली असती तर आम्ही ती सांगितली नसती. ओवेन यांनी दहा वर्षे पदरमोड केली. १९५९ साली हॉलंडमध्ये यो बोनिएर यांनी पहिला मोठा विजय मिळवून दिला. पुढे पुन्हा अपयश. शेवटी ओवेन यांनी बजावले, की १९६२ मध्ये विजय मिळाले नाहीत तर संघ बंद! तांत्रिक कारभार त्यांनी एकाच माणसाच्या हाती सोपविला. ते टोनी रड. रोल्स-रॉईसने सुपरचार्जरची देखरेख करण्यासाठी धाडलेले हे गृहस्थ तेथेच राहून गेले होते. ह्या वेळी आठच सिलिंडर, सुपरचार्जर नाही. इंजिन आणि गाडीची बांधणी ह्यांचा विचार एकत्र. ग्रॅहॅम हिल यांनी त्या वर्षी चार शर्यती जिंकल्या. डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेतील शेवटच्या शर्यतीत जगज्जेतेपद त्यांना मिळाले आणि संघालाही निर्मात्यांचे अजिंक्यपद लाभले.

मंडळी, आपला ट्रस्ट आज विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचे काम अंगावर घेत आहे. कोणी विटा देऊ म्हणतात, कोणी दारे-खिडक्या, कोणी रोख रक्कम. प्रत्येक दान आपण मस्तकी धरू. परंतु तीन गोष्टी विश्वस्तांनी ध्यानी घ्याव्यात, अशी आमची विनंती आहे. वस्तुरूप देणगी स्वीकारताना ती कोणत्या तारखेस हाती येणार, हे लेखी ठरवावे. त्यात संकोच नसावा. बांधकामाचा शेवटचा शब्द एकाच जबाबदार माणसाचा असावा, समितीने त्यास हिशेब विचारावा. आणि छत पडल्यावाचून उद्‌घाटनाची पत्रिका छापू नये. सोळा खोल्यांचे चित्र भिंतीवर लावण्यापेक्षा आठ खोल्यांत मुले राहू लागली, तर तेच आपल्याला भूषण आहे.

पेनी फेकणाऱ्यांस बारा वर्षांनी उत्तर मिळाले, हे खरे. पण तोवर मूळचा ट्रस्ट उरला नव्हता. आपला ट्रस्ट मात्र उरावा आणि पुढल्या पिढीने त्याची शताब्दी साजरी करावी, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.